दोन्ही काठ

३ मार्च, सोमवार

सर्जनच्या खोलीबाहेर बसणाऱ्या नर्सने वही ठेवायला सांगितली आहे. डोकेदुखी, तहान, थकवा, नजर असे चार रकाने आणि रोज दोन ओळी. "कादंबरी नको हं," म्हणाली. मी म्हटलं, बावीस वर्षं गिरणीत कापडाचे तागे तपासतोय, रकाने भरण्यावरच माझं पोट आहे.

तर पहिली नोंद. डोकेदुखी: आहे, कपाळाच्या मागे, दुपारनंतर. तहान: नेहमीची. थकवा: आहे, पण वयही बावन्न आहे. नजर: उत्तम.

सर्जनने एमआरआयचा फोटो दाखवला. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्या शेजारी एक पाण्याने भरलेली पिशवी आहे, चौदा मिलिमीटर. कॅन्सर नाही. अशी पिशवी पुष्कळांना असते आणि त्यांना ती कधी कळतही नाही. हिने, म्हणजे बायकोने, घरी येईपर्यंत ग्रंथी आणि पिशवीची गल्लत करून पिशवीचंच नाव वाटाणा ठेवलं. तेच आता घरात चालू झालं आहे.

रस्ते दोन. एक म्हणजे नुसतं लक्ष ठेवायचं: सहा महिन्यांनी पुन्हा फोटो, मध्ये रक्ताच्या आणि डोळ्यांच्या तपासण्या. दुसरा म्हणजे नाकातून दुर्बीण घालून पिशवी फोडायची आणि पाणी काढून घ्यायचं. त्यात ग्रंथीला धक्का बसला तर जन्मभर गोळ्या, आणि पिशवी पुन्हा भरणार नाही याची खात्री नाही. "त्रास नसेल तर उगाच हात लावत नाही," सर्जन म्हणाले. "पण ही वरच्या बाजूला डोळ्यांच्या नसांना टेकली आहे. नुसती टेकली आहे की दाबते आहे, ते डोळ्यांच्या तपासणीत कळेल. ती नीट आली तर थांबू. नाही आली तर थांबायचं नाही."

म्हणजे सगळं डोळ्यांवर आहे. मग काळजी नाही. या गावात डोळ्यांचं खातो ते आम्ही दोघंच, मी आणि शेजारच्या टेबलावरच्या बाई.

११ मार्च, मंगळवार

डोळ्यांची तपासणी झाली. अंधाऱ्या खोलीत एका मोठ्या पांढऱ्या वाटीत तोंड घालून बसायचं. एक डोळा झाकलेला. समोर पिवळा ठिपका, त्याच्याकडेच बघत राहायचं. आजूबाजूला कुठेतरी बारीक दिवा लुकलुकतो, दिसला की बटण दाबायचं.

हे तर माझंच काम. आमच्या टेबलाला खालून दिवे असतात, काच तिरकी, तिच्यावरून कापड सरकत जातं. नजर सारखी फिरती ठेवायची: मध्य, डावा काठ, मध्य, उजवा काठ. डाव्या काठावर असताना उजवा डोळ्याच्या कोपऱ्यात राहतो. तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग, दिसला की पाय पेडलवर. झोपेतसुद्धा माझी नजर तशी फिरते असं ही म्हणते.

तपासणीवाली मुलगी पाच वेळा म्हणाली, "काका, डोळा हलवू नका, ठिपक्याकडे बघा." मी म्हटलं, दिवा दिसतोय ना, मग झालं तर. एकेक दिवा टिपून काढला. भिंतीवर एक तक्ता होता, दोन गोल, दोन्हींचेही बाहेरचे अर्धे भाग काळे. विचारलं, हे काय. म्हणाली, नसांवर दाब आला की असं येतं. माझा कागद बघितला, कुठेच काळं नाही. पहिल्या वर्गात पास झाल्यासारखं वाटलं.

बाहेर पडताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला. अंधारातून आल्यावर होतं तसं.

१९ मार्च, बुधवार

सर्जन म्हणाले, "दोष दिसत नाही. पण तुम्ही डोळा फार हलवलात असं मशीन म्हणतंय, त्यामुळे या कागदावर माझा भरवसा नाही. पंधरा दिवसांत पुन्हा करून घ्या. तोवर लक्ष ठेवू."

ठरलं तर. लक्ष ठेवायचं, ऑपरेशन नाही. सहा आठवड्यांची रजा वाचली. आत्ता रजा घेणं म्हणजे आपल्या हाताने खुर्ची दुसऱ्याला देणं. सुपरवायझर गेले वर्षभर कॅमेऱ्याची जाहिरात टेबलाच्या काचेखाली ठेवून बसला आहे. कॅमेरा आपोआप दोष पकडतो म्हणे. मी एकदा म्हटलं, "तो चहा पितो का?" तर म्हणाला, "तोच तर फायदा आहे, मास्तर."

बाईंना नाकातून ऑपरेशन करतात ते सांगितलं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या नाकातून दुर्बीण काय, डॉक्टरसुद्धा आत जाईल." वीस वर्षं शेजारी काम करतात, त्यामुळे चालतं. गळ्यात दोरीला बारीक चिमटा असतो, गाठी उपसायला. सगळी गिरणी त्यांना चिमटाबाई म्हणते, तोंडासमोर फक्त मी म्हणत नाही.

२ एप्रिल, बुधवार

डोकेदुखी: कमी. तहान: नेहमीची. थकवा: आहे. नजर: उत्तम.

पंधरा दिवस झाले. तपासणीला शनिवारी जाईन.

८ एप्रिल, मंगळवार

शनिवारी जास्तीची पाळी निघाली.

आज हात धुऊन परत आलो तर बाई माझ्या तपासून झालेल्या ताग्याचा काठ चाळत होत्या.

"काय हरवलं?"

"चिमटा पडला वाटतं इथे."

"गळ्यात आहे."

"अगं बाई, खरंच की."

वय होतंय त्यांचंही.

१४ एप्रिल, सोमवार

बाईंनी उजव्या काठावरची एक गाठ दाखवली. माझ्याकडून सुटलेली. चांगली ज्वारीच्या दाण्याएवढी होती. मी म्हटलं, उजवीकडचा दिवा मंद झालाय. त्या म्हणाल्या, "दिवा गेल्याच महिन्यात बदललाय, मास्तर. तुम्ही जरा डोळे..." एवढ्यावर थांबल्या. मी म्हटलं, माझे डोळे मशीनवर तपासून आलेत, तुमचे आलेत का? दिवा बदलून घेतला.

बाईंशी सध्या बोलत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

ही हल्ली खोलीत येताना खोकते. घसा दुखतो का विचारलं, तर म्हणाली, नाही. मग कशाला खोकतेस? "तुम्ही दचकता म्हणून. काल पाण्याचं भांडं ठेवत होते तर असे उडालात की माझ्याच अंगावर पडलं." ती मांजरीसारखी चालते, त्याला मी काय करणार. मधलं स्टूल तिने उचलून कोपऱ्यात ठेवलं आहे. मला विचारलंसुद्धा नाही.

आणखी एक. गेल्या आठवड्यापासून माझ्या स्कूटरवर बसत नाही. बसने जाते. बाजारातल्या गल्लीत एका उभ्या मोटारीच्या आरशाला हँडल घासलं, तेवढंच झालं होतं. मोटार फारच बाहेर काढून उभी केली होती. "मला बसने बरं वाटतं," म्हणते. तीस वर्षांनंतर हे कळलं.

६ मे, मंगळवार

नर्सचा फोन आला. डोळ्यांच्या तपासणीचं काय झालं? म्हटलं, कामाची गर्दी आहे, करतो. म्हणाली, "काका, लक्ष ठेवणं म्हणजे तपासण्या करणं. नाहीतर ते नुसतं घरी बसणं." घरी कुठे बसलोय, रोज दोन हजार मीटर कापड बघतोय. डोळ्यात तेल घालून बघतोय. यापेक्षा मोठी तपासणी कुठली? हे तिला बोललो नाही, नुसतं हो म्हटलं.

डोकेदुखी: मधूनमधून. नजर: उत्तम.

१९ मे, सोमवार

बाई दोन आठवडे रजेवर गेल्या, लेकीचं बाळंतपण. जाताना टेबलाशी येऊन उगाच घुटमळल्या. एप्रिलपासून नीट बोलणं नाही. म्हणाल्या, "मास्तर, मशीन थोडं हळू चालवा. मी नाहीये."

म्हणजे काय? त्या नसताना मला येत नाही की काय?

नेहमीच्याच वेगाने चालवलं.

३ जून, मंगळवार

बाई परत आल्या. नातू झाला. हसऱ्या होत्या, पण येताच आधी गोदामात गेल्या, आणि माझे तागे बाहेर गेले का असं विचारलं म्हणे. गेले, सगळे गेले, वेळेवर गेले.

१२ जून, गुरुवार

शर्ट शिवणाऱ्या कारखान्याने सात तागे परत पाठवले. सातही माझ्या सहीचे.

सुपरवायझरने सगळ्यांसमोर बोलावलं नाही, एवढं त्याचं चांगलं. आत बसवून दार लावलं. प्रत्येक ताग्याबरोबर त्या लोकांनी कागद जोडला होता, किती मीटरवर, कुठे, काय. मी माग खराब आहे म्हटलं. तो म्हणाला, माग खराब असेल तर दोष येणारच, मास्तर. तो कापडात आहे हे सांगायलाच तर आपण बसलोय.

"कॅमेऱ्याचा माणूस सोमवारी येतोय," तो म्हणाला. "नुसता दाखवायला."

घरी हिला सांगितलं नाही. जेवताना म्हणाली, "वाटाणा काय म्हणतोय?" मी म्हटलं, गप्प आहे.

१४ जून, शनिवार

आज सुट्टीमुळे लोक कमी होते. कापड नव्हतं. परत आलेल्या ताग्यांचे सात कागद घेऊन टेबलाशी गेलो. मला दाखवायचं होतं की दोष एकाच मागावरचे आहेत. आमच्या रोजच्या कागदासारखेच त्यांवर उभ्या रेघांनी तीन पट्टे असतात: डावा काठ, मध्य, उजवा काठ. ज्या जागी दोष, तिथे फुली.

सातही कागद एकावर एक ठेवून काचेवर मांडले आणि खालचे दिवे लावले.

माग चार वेगवेगळे होते. पण फुल्या सगळ्या काठांवर. डाव्या पट्टीत गर्दी, उजव्या पट्टीत गर्दी. मध्ये एकही नाही. कोरा. मध्यभागी माझ्या हातून पंधरा दिवसांत एक धागा सुटला नव्हता, आणि दोन्ही बाजूंना मी नव्हतोच.

असं चित्र कुठेतरी पाहिलं होतं. तपासणीच्या खोलीतल्या भिंतीवर. दोन गोल, बाहेरून काळे.

मग एक केलं. नजर मध्यावर ठेवली, आणि दोन्ही हात बाजूंना पसरून बोटं हलवत हळूहळू पुढे आणली. कधी दिसतात ते बघायला. ती इतकी पुढे येईपर्यंत दिसली नाहीत की मला वाटलं मी हलवतच नाहीये.

दिवे बंद केले. स्कूटर तिथेच ठेवून बसने घरी आलो.

१६ जून, सोमवार

बाईंना विचारलं. सरळच विचारलं, "तुम्ही माझे तागे बघत होता का?"

त्यांनी खणातून एक गठ्ठा काढून दिला. माझ्या ताग्यांच्या कागदांच्या कार्बन प्रती. माझ्या फुल्या पेनच्या, आणि त्यांच्याशेजारी पेन्सिलीच्या बारीक टिकल्या. मी सोडलेलं, त्यांनी माझ्यामागून पकडून गाठ उपसलेली किंवा चिठ्ठी लावलेली. रजेवर जाईपर्यंतच्या सगळ्या प्रती होत्या.

पहिली टिकली गेल्या नोव्हेंबरची. माझी डोकेदुखी जानेवारीत सुरू झाली.

"बोलला का नाहीत?"

"दोनदा बोलले. एकदा तुम्ही दिवा बदललात. दुसऱ्यांदा महिनाभर तोंड फिरवलंत."

"ते एकदाच झालं."

"बघा, तेही मीच मोजायचं का?"

मग चिमटा दोरीवर फिरवत म्हणाल्या, "मला वाटलं वय झालं, होतं असं. तुमच्या डोक्यात काहीतरी आहे हे कळल्यावर सांगायला हवं होतं मी. पण डॉक्टरनेच डोळे बघितलेत म्हणालात. डॉक्टरपुढे मी काय बोलू?"

मी त्यांना सांगितलं की ती परीक्षा मी कॉपी करून पास झालो होतो. त्यांना वाटलं थट्टा आहे.

कॅमेऱ्याचा माणूस आला होता. मी बघायला थांबलो नाही, नर्सला फोन करून उद्याची वेळ घेतली.

१७ जून, मंगळवार

तीच खोली, तीच मुलगी, तीच वाटी. हीसुद्धा बरोबर होती, बाहेर बसली. मुलीला म्हटलं, या वेळी हलवणार नाही.

बावीस वर्षांत एवढं अवघड काम केलं नाही. नजर डावीकडे जायला ओढ घेते, जनावर खुंट्याला ओढ घेतं तशी. पिवळ्या ठिपक्यावर तिला बांधून ठेवली. बटण हातात. बराच वेळ काहीच लागलं नाही. मध्ये एखादा दिवा लागायचा, मग पुन्हा काही नाही. मी विचारलं, "मशीन बंद पडलं का?"

"नाही काका. चालू आहे."

दिवे लागत होते, तर.

कागद हातात दिला. तक्त्यासारखा अगदी काळा नाही, वरच्या बाजूला जास्त, खाली करडा. पण दोन्ही बाहेरून. हिने तो कागद माझ्या हातून घेऊन बघितला. मग म्हणाली, "म्हणजे मी खोकत होते ते बरोबर होतं."

२० जून, शुक्रवार

सर्जनकडे गेलो. नवा फोटोही काढला होता: सोळा मिलिमीटर. तपासणीचा कागद दिला आणि मग बाईंचा गठ्ठाही टेबलावर ठेवला. समजावून सांगितलं, पेन माझं, पेन्सिल त्यांची.

ते एकेक पान उलटत गेले. नोव्हेंबरात आठवड्याला एखादी टिकली. फेब्रुवारीत चार. मे महिन्यात रोज.

"हे कोणी ठेवलं?"

"शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी."

"माझ्याकडे लोक सात महिन्यांची अशी नोंद घेऊन येत नाहीत," ते म्हणाले. रागावतील असं वाटलं होतं, रागावले नाहीत. मी विचारलं, मार्चमध्येच ऑपरेशन करायला हवं होतं का. ते म्हणाले, "मार्चमध्ये खरा कागद असता तर मी तेव्हाच सांगितलं असतं. पिशवी आहे म्हणून कापायचं नसतं. उद्या तुमच्या भावाला अशीच निघाली आणि त्याची नजर चांगली असली तर मी त्याला घरीच पाठवीन. पण तपासण्या करायला लावीन."

नजर परत येईल का? बहुतेकांची बरीच येते. किती, ते दाब किती दिवस होता त्यावर असतं. पूर्ण येईल असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणवून घेतलं नाही.

एक जुलै ठरली.

संध्याकाळी हिने विचारलं, "भीती वाटते का?" म्हटलं, वाटते. नाकात काहीतरी जाणार याची नाही. डोळे उघडल्यावर काठ तसेच असतील याची.

४ जुलै, शुक्रवार

झालं. नाकात बोळे आहेत, तोंडाने श्वास. तहान: भयंकर. प्यालेलं आणि गेलेलं सगळं मापून लिहायचं, त्याचा वेगळा कागद नर्सने दिला आहे. ग्रंथी रुसली की असं होतं, बहुधा चार दिवसांत सावरते. रकाने काही मला सोडत नाहीत.

नजर: सांगता येत नाही. खोलीत बघण्यासारखं काही नाही. बघायचा धीरही नाही.

१० जुलै, गुरुवार

घरी आलो. तहान ओसरली. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, जोर करायचा नाही. ही म्हणाली, "आधी तरी कुठे करत होता?"

बाई नातवाचा फोटो घेऊन आल्या. कॅमेरा दोन टेबलांपैकी माझ्या टेबलावर बसवला आहे. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मग म्हणाल्या, "कापसाचा पुंजका उडाला तरी थांबतो. काल दिवसभरात एकशे चाळीस वेळा थांबला. सुपरवायझर त्याच्यापुढे हात जोडून उभा होता." माझं काय होणार ते त्यांना माहीत नाही, मलाही नाही. सुपरवायझर म्हणाला म्हणे, मास्तरांना येऊ दे, मग बघू. परतलो तर कागदावर दोन सह्या हव्यात, असं मी त्यांच्याकडे बोललो. माझी, आणि माझ्यामागून बघणाऱ्याची. पेन्सिलीने नको, पेननेच.

"म्हणजे मी डबल काम करायचं," त्या म्हणाल्या.

"करतच होता."

२७ जुलै, रविवार

डोकेदुखी: नाही. तहान: नेहमीची. थकवा: दुपारी. डोळ्यांची तपासणी बारा ऑगस्टला, फोटो ऑक्टोबरमध्ये. त्यानंतरही वर्षावर्षाने, कारण पिशवी पुन्हा भरू शकते. तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर हिने लाल पेनने लिहिल्या आहेत. जास्तीची पाळी निघाली तरी, असंही खाली लिहिलं आहे.

सकाळी जेवणाच्या टेबलाशी ही वही उघडून बसलो होतो. नजरेच्या रकान्यात काय लिहावं ते सुचत नव्हतं. उजवीकडे अजून धुकं आहे, दार अचानक येतं. तपासणीआधी उत्तम लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

डावं कोपर टेबलावर पसरलेलं होतं. ते मी आत घेतलं, आणि लिहायला लागलो.

चहाचा कप काही खाली टेकला नाही. वर बघितलं तर ही कप हातात धरून डावीकडे उभी.

"काय झालं?" मी म्हटलं. "ठेव की. जागा केली ना."

"मी खोकले नव्हते," ती म्हणाली.